वाघनख, घोड्याची नाल आणि आक्कांचा साज



मागच्या महिन्यात आमच्या नातवाचं बारसं झालं. पाळणा सजला, घुगऱ्या वाटल्या, नाव ठेवून झालं. गोड सगळं झालं, पण आदल्या रात्री आमच्या घरात एक छोटंसं भांडण झालं होतं. आज त्याबद्दलच लिहायचं आहे. कारण ते भांडण फक्त आमच्या घरातलं नाही, तुमच्या कपाटातल्या डब्यातही ते झाकून ठेवलेलं असणार.

भांडण होतं तीन दागिन्यांचं. पलंगावर तिन्ही शेजारी शेजारी मांडलेले. पहिला माझ्या सासूबाईंचा कोल्हापुरी साज. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. दुसरं सोन्याच्या कोंदणात बसवलेलं वाघनख, जे आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पोरांच्या गळ्यात बांधलं गेलं. आणि तिसरं सूनबाईंनी पुण्याहून आणलेलं चांदीचं ब्रेसलेट, ज्याला बारीक बारीक लोंबते आकार लावलेले असतात. चार्म ब्रेसलेट म्हणतात त्याला. जुन्या युरोपी दागिन्यांची नक्कल आहे म्हणे. त्यात घोड्याची नाल होती, चार पानांचं फूल होतं, निळा डोळा होता, १३ चा आकडा होता आणि एक गोल गरगरीत डुक्कर होतं.

नणंदबाई म्हणाल्या, "बाळाला वाघनख बांधा. आपल्या घरची रीत आहे." सूनबाई म्हणाल्या, "आत्या, वाघनख नको, ब्रेसलेट पायात घालू, गोड दिसेल." त्यावर नणंदबाईंनी डुकराकडे बोट दाखवलं. "जैनाच्या घरात हे? पोराच्या अंगावर?" आणि दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी त्या रात्री काहीच बोलले नाही. पण झोपही लागली नाही. आता थोडा विचार करून, थोडं वाचून, तुमच्यासमोर मांडते आहे.

आधी सूनबाईंच्या ब्रेसलेटबद्दल, कारण सगळ्यात जास्त बोलणी त्यालाच बसली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीच्या काळात आणि त्यानंतर काही वर्षं, असल्या गमतीच्या दागिन्यांची फार हौस होती. ब्रोचवर घोड्याची नाल, पिनेवर कोळी, साखळीत डुक्कर. खुद्द राणीच्या साखरपुड्याची अंगठी नागाच्या आकाराची होती आणि मग नागाच्या अंगठ्यांची लाटच आली. तिकडे नाग म्हणजे कधी न संपणारं प्रेम. जर्मनीत डुक्कर म्हणजे बरकत. नवीन वर्षाला अजूनही डुकराच्या आकाराची मिठाई देतात. चार पानांचं फूल म्हणतो ते खरं तर फूल नाहीच, चाऱ्याचं पान आहे. आपल्या लसूणघासाला जशी तीन-तीन पानं असतात तशीच त्याला असतात, क्वचित एखाद्या देठाला चार निघतात. ते ज्याला सापडलं तो नशीबवान. १३ आकडा तर तिकडे अशुभ. पण अशुभाची भीती वाटू नये म्हणून काही लोक तोच आकडा मुद्दाम सोन्यात घडवून गळ्यात घालायचे. म्हणजे अपशकुनाला चिडवायचंच.

हे वाचलं आणि मला हसू आलं. कारण १३ म्हटल्यावर मला पाठशाळा आठवली. तेरावे तीर्थंकर कोण? विमलनाथ भगवान. त्यांचं लांछन काय? वराह! ब्रेसलेट घडवणाऱ्याला याचा पत्ताही नसणार, पण त्याने १३ आकडा आणि डुक्कर नेमके एकाच साखळीत ओवले होते. सकाळी उठल्यावर मी नणंदबाईंना हे सांगितलं. त्या दोन मिनिटं गप्प राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "म्हणजे विमलनाथांचं ब्रेसलेट आणलंय होय सूनबाईंनी!" निम्मं भांडण तिथेच मिटलं.

ही लांछनांची गंमत मला आक्कांनी शिकवली. साजाची पानं एकवीस असतात असं सोनार सांगतात. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, दोन माणिक आणि पाचूची, आणि मधलं एक. आक्कांच्या साजात मात्र जुन्या वळणाचे आकार आहेत. जावमण्यांच्या मधे चंद्र, कमळ, मासा, कासव, शंख, नाग, भुंगा, बेलपान, वाघनख आणि चक्क कारलं. कोल्हापूरच्या गुजरीत तो घडवला होता, आक्कांच्या लग्नात.

दुपारी भांडी आवरल्यावर आक्का साज मांडीवर घेऊन बसायच्या आणि पोरांना गोळा करायच्या. एकेक पान बोटाने उचलायचं आणि विचारायचं, "हे कुणाचं?" चंद्र कुणाचा? चंद्रप्रभ भगवानांचा. शंख? नेमिनाथांचा. कासव? मुनिसुव्रतांचं. मासा? अरनाथांचा. कमळ? लाल असेल तर पद्मप्रभांचं, निळं असेल तर नमिनाथांचं; सोन्याचं असेल तर दोघांचं. नागाला तर उत्तर द्यायलाच नको. माझं माहेर कुंडलकडचं, पूर्वी ते औंध संस्थानातच होतं. तिथल्या डोंगरावर पार्श्वनाथांच्या दर्शनाला आम्ही लहानपणापासून चढलेलो. डोक्यावर फणा धरलेली ती मूर्ती पाहिली की नागाची भीती वाटतच नाही.

एकदा माझ्या मुलाने विचारलं, "आज्जी, कारलं कोणत्या भगवानांचं?" आक्का म्हणाल्या, "ते भगवानांचं न्हाई, ते तुझ्या आज्जीच्या जिभंचं." पोरं लोळून हसली. मग धाकटीने वाघनखाचं पान धरलं. "सिंह महावीरांचा, मग वाघ कुणाचा?" आक्का जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "वाघ कुणाचा न्हाई. वाघ रानाचा."

चोवीस लांछनं माझ्या पोरांना पुस्तकातून नाही, त्या साजातून पाठ झाली. साज घडवणाऱ्या सोनाराने त्यात आपली शुभचिन्हं घातली, आक्कांनी त्यात आपले तीर्थंकर पाहिले. कुणाचं काही बिघडलं नाही. म्हणून माझं पहिलं मत हे की, दागिन्यातलं शुभचिन्ह हे हौसेचं आणि गोष्टीचं असेल तर त्याला नाक मुरडू नका. आपला धर्म काही चित्रांचा वैरी नाही. तीर्थंकरांच्या मातेला पडलेली सोळा स्वप्नं आठवा. त्यात हत्ती आहे, बैल आहे, माशांची जोडी आहे, फुलांच्या माळा आहेत, सुवर्णकलश आहेत. श्वेतांबर मैत्रिणींच्या अष्टमंगलात मीनयुगल आहे, आपल्या अष्टमंगलात झारी, छत्र, चामर, पंखा आहेत. म्हणजे आपण चिन्हांच्या घरातच वाढलो आहोत.

पण चिन्हात स्वतःची शक्ती असते का? इथे मात्र मला ठाम बोलायचं आहे, आणि त्यासाठी स्वस्तिकाचीच गोष्ट सांगते.

बस्तीत गेल्यावर आपण अक्षतांचं स्वस्तिक काढतो. चार बाजू म्हणजे चार गती, वरचे तीन पुंज म्हणजे रत्नत्रय, त्यावर सिद्धशिलेची चंद्रकोर. सातवे तीर्थंकर सुपार्श्वनाथ, त्यांचं लांछनही स्वस्तिकच. हेच स्वस्तिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोप-अमेरिकेत नशिबाचं चिन्ह म्हणून दागिन्यात खेळत होतं. घोड्याच्या नालेशेजारी स्वस्तिक, पदकात स्वस्तिक, घड्याळाच्या साखळीला स्वस्तिक. मुंबईत जन्मलेला लेखक रुडयार्ड किपलिंग आपल्या पुस्तकांवर ते छापायचा. मग १९२० साली जर्मनीत हिटलरच्या पक्षाने तेच चिन्ह उचललं आणि पुढच्या पंचवीस वर्षांत त्या चिन्हाखाली लाखो निरपराध माणसं मारली गेली. किपलिंगने पुस्तकांवरून ते काढून टाकलं. आज परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींना दारात स्वस्तिक काढताना शेजाऱ्यांना आधी समजावून सांगावं लागतं. १९७४-७५ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षाच्या निमित्ताने सगळ्या पंथांनी मिळून जे जैन प्रतीक स्वीकारलं, त्यात स्वस्तिक आहे. पण अमेरिकेतल्या जैन संघटनेने आपल्या प्रतीकात त्या जागी ॐ ठेवला आहे.

रेघा त्याच. आपल्या हातून त्या अक्षतांच्या झाल्या की चार गतींतून सुटण्याची आठवण करून देतात, दुसऱ्याच्या हातून झेंड्यावर गेल्या की माणसं थरथरतात. चिन्हातच शक्ती असती तर असं झालं असतं का? जे काही आहे ते धरणाऱ्याच्या भावात आहे. चिन्ह हे रिकामं भांडं आहे, त्यात काय भरायचं ते आपण ठरवतो.

आणि बहुतेक वेळा, मैत्रिणींनो, आपण त्यात भीती भरतो.

हे मी दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला सांगत नाही, स्वतःचंच सांगते. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भुसार दुकानाची घडी बिघडली होती. दोन वर्षं पाऊस नव्हता, उधारी वसूल होत नव्हती, आणि आमच्या यांची पाठ धरलेली. कुणीतरी एका जाणत्याचं नाव सांगितलं. त्याने काळ्या घोड्याच्या नालेच्या खिळ्याची अंगठी करून दिली. तेव्हाच्या मानाने बरेच पैसे घेतले आणि बजावलं, "ही हरवली तर त्रास दुप्पट होईल." मी ती यांच्या बोटात घातली. पुढे एक दिवस विहिरीवर हातपाय धुताना ती निसटली. मी तीन रात्री झोपले नाही. यांना ताप आला तर अंगठीमुळे, दुकानात उंदीर दिसला तर अंगठीमुळे. आक्का हे सगळं पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी म्हणाल्या, "अंगठी विहिरीनं नेली. तुझी झोप कुणी नेली गं?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही ते वाक्य आठवलं की मान खाली जाते.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात मूढता सांगितल्या आहेत. लोक करतात म्हणून आपण करायचं ती लोकमूढता. काहीतरी मिळावं म्हणून रागद्वेषाने भरलेल्यांपुढे हात जोडायचे ती देवमूढता. नालेच्या अंगठीत माझ्या दोन्ही झाल्या होत्या. आपण रोज म्हणतो की साता-असाता आपल्याच कर्माचा उदय आहे. तीर्थंकरांनाही कर्म चुकलं नाही. पार्श्वनाथांवर उपसर्ग झाला, आदिनाथांना आहारासाठी कित्येक महिने फिरावं लागलं. त्यांच्या बोटात अंगठी नव्हती म्हणून का हे झालं? आणि आपण चांदीच्या कासवाचं तोंड आत हवं की बाहेर यावर तास तास चर्चा करतो. मुनिसुव्रत भगवानांचं कासव ते, त्याला आपण पैसे ओढायच्या कामाला लावलं.

आमच्या औंधला पौषात यमाईची यात्रा भरते. शेजारधर्म म्हणून आम्हीही खालच्या बाजारात फिरतो. भांडी, घोंगडी, खेळणी घेतो. बांगड्यांच्या पालांशेजारी आता निळ्या डोळ्यांचे गोफ आणि कासवाच्या अंगठ्याही दिसतात. विकणाऱ्याचं पोट आहे, त्याला काय बोलायचं? पण घेणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे बघा. एक पोर ते हातात घेऊन हसते, "किती छान निळा आहे!" दुसरी बाई तेच घेताना विचारते, "याने दृष्ट नक्की जाते ना?" वस्तू एकच. पहिलीने दागिना घेतला, दुसरीने काळजी विकत घेतली.

आता वाघनखाकडे येते. हा माझ्या मनातला सगळ्यात दुखरा भाग.

२०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं साताऱ्याला आली, शिवाजी महाराजांच्या नावाने जपलेली. साऱ्या जिल्ह्याने रांगा लावल्या. मीही भाच्यांना घेऊन गेले होते. ती पोलादाची आहेत, हातात धरायचं शस्त्र आहे ते. भाचा काचेला नाक लावून म्हणाला, "मामी, आपल्या घरी आहे ते पण असंच का?" मी म्हटलं, "नाही रे. आपलं खरं आहे." तो म्हणाला, "म्हणजे खऱ्या वाघाचं? मग त्या वाघाचं काय झालं?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर देणार होते मी? णमोकार म्हणणाऱ्या घरात, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरात, संध्याकाळनंतर न जेवणाऱ्या घरात, तीन पिढ्या आम्ही मेलेल्या वाघाचं नख तान्ह्या बाळाच्या छातीवर ठेवत होतो. आणि कशासाठी, तर बाळाला भीती वाटू नये म्हणून!

श्रावकाने कोणते धंदे करू नयेत याची जी पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, त्यात दंतवाणिज्य आहे. दंत म्हणजे फक्त हस्तिदंत नव्हे. प्राण्यांचे दात, केस, नखं, हाडं, कातडी, सगळं त्यात येतं. नखाचा उल्लेख स्पष्ट आहे. विकणं पाप असेल तर विकत घेऊन बाळाला बांधणं पुण्य कसं होईल?

यात आपणच एकटे होतो असंही नाही. ज्या गमतीच्या युरोपी दागिन्यांचं मी वर कौतुक केलं, त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. सशाचा पाय चांदीची टोपी घालून नशिबासाठी बाळगायचे. हमिंगबर्ड नावाच्या इवल्याशा पक्ष्याची मुंडकी कानात घालायचे. १८८४-८५ साली खऱ्या भुंग्यांना सोन्यात बसवून एका लॉर्डच्या बायकोसाठी मुकुट आणि हार केले, ते ब्रिटिश संग्रहालयात आहेत. आणि आपल्याच हिंदुस्थानातली वाघनखं सोन्यात मढवून इंग्रज मडमांच्या गळ्यात गेली. साजातला भुंगा सोन्याचा आहे, त्याला पाहून पोरं हसतात. तो भुंगा खरा असता तर? आकार उचलणं आणि जीव उचलणं यात हाच फरक आहे.

कायद्याचंही ऐकून ठेवा, कारण कित्येक घरांत अजून हे कुणाला माहीत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वाघाचं नख मालकीच्या दाखल्याशिवाय जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. आजोबांचं होतं, मला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. शिक्षा तीन ते सात वर्षांची आहे. २०२३ साली कर्नाटकात टीव्हीवरच्या एका स्पर्धकाला गळ्यातल्या वाघनखावरून कार्यक्रमाच्या घरातूनच पकडून नेलं होतं. १९७२ च्या गणतीत देशात जेमतेम अठराशे वाघ उरले होते, म्हणून हा कायदा झाला. आणि आपल्यासाठी वाघ काही दूरचा नाही. २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प कोयना आणि चांदोलीच्या रानात आहे, म्हणजे आपल्याच सातारा-सांगलीच्या डोंगरात. आक्का म्हणाल्या होत्या तसं, वाघ रानाचा.

बारसं झाल्यावर मी ओळखीच्या वकिलांना विचारलं आणि मग मनाचा हिय्या करून ते वाघनख वनविभागाच्या कचेरीत घेऊन गेले. हात थरथरत होते. यांना म्हटलं, "जे होईल ते होईल, पण नातवासाठी हे घरात ठेवायचं नाही." तिथल्या माणसाने ते भिंगाखाली धरलं, उलटसुलट केलं, आणि हसून परत दिलं. "काकू, हे वाघाचं नाही. शिंग तासून केलेलं आहे. असली पुष्कळ येतात."

मी बाकावर बसलेच. पणजोबांनी कधीतरी भरपूर पैसे देऊन घेतलेलं, तीन पिढ्यांनी पुजलेलं, बाळंतिणीच्या उशाशी ठेवलेलं ते वाघनख शिंगाचा तुकडा होता! आधी राग आला त्या जुन्या सोनाराचा. मग वाटलं, त्या लबाडाने आमच्यावर उपकारच केले. निदान आमच्यासाठी वाघ मेला नाही. पण शिंगही कुठल्यातरी मुक्या जनावराचंच. आणि मुख्य म्हणजे, पणजोबांनी घेताना वाघाचं म्हणूनच घेतलं होतं. दोष फळात नाही लागला तरी भावात लागला. भावहिंसा म्हणतात ती हीच.

बसने परत येताना एकच विचार डोक्यात घोळत होता. माझ्या नवऱ्याला गोवर निघाला तेव्हा ते गळ्यात होतं. माझा मुलगा पाळण्यातून पडून वाचला तेव्हा होतं. आम्ही म्हणायचो, वाघनखाने राखलं. आता कळलं की वाघनख नव्हतंच. मग राखलं कुणी? त्यांचं त्यांचं आयुष्यकर्म होतं, हे तर खरंच. पण रात्रभर उशाशी बसून ओल्या फडक्याने कपाळ पुसणाऱ्या आक्का होत्या. सायकलवरून औषध आणणारे मामंजी होते. पाळण्याखाली गोधडी अंथरणारी मी होते. त्या सगळ्या जागरणांचं श्रेय आम्ही एका शिंगाच्या तुकड्याला देऊन मोकळे झालो होतो.

आता तुमच्यापैकी एखादी नक्की विचारणार, "ताई, साजाचं एवढं कौतुक करता, त्याच्या पोटात लाख असते त्याचं काय?" विचाराच. साजाची पानं पातळ पत्र्याची, आत लाख भरलेली. लाख किड्यांपासून होते, आणि पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्यही आहे. मी हे लपवणार नाही. आक्कांचा साज मी मोडला नाही, मोडून तो जीव परत येणार नाही आणि आक्कांची आठवण मात्र जाईल. पण नवीन काही करताना मी सोनाराला सांगते की लाख नको, पोकळ नको, लहान असलं तरी भरीव पान दे. रेशीम सोडलेल्या, मोती सोडलेल्या मैत्रिणी आपल्यात आहेत, त्यांच्यापुढे मी फार मागे आहे. जेवढं कळलं तेवढं सुटावं, एवढीच माझी धडपड. सगळं सुटत नाही म्हणून काहीच सोडायचं नाही, हे काही बरोबर नाही.

कुणी असंही म्हणेल की जुन्या बायकांच्या श्रद्धेला कशाला हात लावायचा. मलाही आजेसासूबाईंबद्दल आदर आहे. गावात डॉक्टर नव्हता, देवी आणि पटकी दारात उभी असायची, पाच बाळंतपणांतली दोन पोरं हाती लागायची. त्या आईने हाताला येईल ते बांधलं, काजळाची तीट लावली, दृष्टमणी ओवला. तिच्या भीतीला मी हसणार नाही. पण आपल्याकडे लस आहे, दवाखाना आहे, आणि जिनवाणी वाचायला अक्षरओळख आहे. तिची माया उचलूया. तिची भीती तिच्याबरोबर जाऊ द्या.

आमच्या औंधच्या डोंगरावर अर्ध्या वाटेत १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी श्री भवानी संग्रहालय बांधलं. तिथे राजा रविवर्म्यांची सैरंध्री आहे, हेन्री मूरची दगडातली आई आणि मूल आहे, देशोदेशीच्या वस्तू आहेत. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पाहुण्यांना तिथे नेते. तिथे कुणी वस्तूंपुढे नवस बोलत नाही. लोक बघतात, आश्चर्य करतात, पोरांना गोष्ट सांगतात आणि हलक्या मनाने खाली उतरतात. आपल्या डब्यातल्या जुन्या दागिन्यांकडे असं बघता आलं तर किती बरं.

मी माझ्यापुरते तीन प्रश्न ठरवलेत. पोरीबाळींसाठी असलं काही घेताना ते स्वतःला विचारते.

एक, यासाठी कुणाचा जीव गेला आहे का? गेला असेल तर ते कितीही शुभ असो, दुर्मीळ असो, घराण्याचं असो, नको.

दोन, हे हरवलं तर मला हळहळ वाटेल की भीती? हळहळ वाटली तर तो दागिना. भीती वाटली तर ती बेडी.

तीन, याची पोराला सांगायला एखादी चांगली गोष्ट माझ्याकडे आहे का? असेल तर जरूर घ्यावं. नसेल तर ते नुसतं ओझं.

आता बारशाच्या भांडणाचं पुढे काय झालं ते सांगते. वाघनखाच्या कोंदणाचं सोनं आटवलं. थोडंसंच निघालं. त्याचं एक बारीक, भरीव चंद्राचं पान करून घेतलं. शिंगाचा तुकडा परसात चाफ्याखाली पुरला. पंचेचाळीसाव्या दिवशी बाळाला बस्तीत नेलं, कानात णमोकार म्हटला, तेव्हा ते चंद्राचं पान त्याच्या गळ्यात होतं. सूनबाईंनी त्यांच्या ब्रेसलेटमधला निळा डोळा स्वतःच काढून ठेवला. मी सांगितलं नव्हतं. म्हणाल्या, "आई, याची गोष्ट मला सांगता येणार नाही." नाल राहिली, कारण घोडा संभवनाथ भगवानांचा. डुक्कर आणि १३ तर नणंदबाईंनी हट्टाने ठेवायला लावलं.

परवा त्या स्वतः बाळाच्या पायाशी बसून ते इवलंसं डुक्कर हलवत होत्या आणि विचारत होत्या, "हे कुणाचं रे? सांग, कुणाचं?" बाळाला काय कळणार! ते आपलं खुदकन हसलं. मला दाराआडून आक्कांची दुपार आठवली.

तुमच्या डब्यात काय काय आहे? एकदा दुपारी निवांत उघडा, पोरांना जवळ घ्या, एकेक वस्तू उचला आणि विचारा, "हे कुणाचं?" ज्याचं उत्तर देताना मान खाली जाईल, त्याचा निर्णय तुमचा तुम्हाला आपोआप कळेल. माझ्या लिहिण्यात आगमाविरुद्ध काही आलं असेल तर जाणत्या मैत्रिणींनी जरूर सांगा, मी दुरुस्त करेन. कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.